गणपूर्तीची घंटा

“पायतान भाईर काढू का जी?”

प्रेक्षक गॅलरीच्या दारातल्या सुरक्षारक्षकाला दसरू कन्नाके विचारत होता. रक्षकाने त्याची तंबाखूची चंची, चुन्याची डबी आणि भाकरीचं गाठोडं आधीच काढून घेतलं होतं. वर बजावलं होतं की आत पायावर पाय टाकून बसायचं नाही, डुलकी काढायची नाही, बोलायचं तर अजिबात नाही. एवढं सगळं बंद म्हटल्यावर चपलाही बंदच असणार, असा दसरूचा अंदाज.

“राहू द्या, दसरूभाऊ. देऊळ नाही ते,” मी म्हटलं.

“मंग काय हाये?”

चार वर्षं आमदार राहूनही याचं उत्तर मला पटकन देता आलं नसतं. मी रक्षकाला पास दाखवला आणि दसरूला पहिल्या रांगेत कठड्याजवळ बसवलं. तो गुडघ्यांवर हात ठेवून, फोटो काढायला बसावं तसा ताठ बसला.

“आज होईन ना, ताई?”

“नववा नंबर आहे. दुपार होईल. कंटाळाल.”

“बसाले काय लागते?” तो म्हणाला.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचा तो शेवटचा दिवस. या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली, पण त्या दिवसांचा शीण अजून अंगात आहे असं वाटतं. लोकांना वाटतं आमदार सभागृहात सारखे भांडत असतात. भांडण पाच मिनिटांचं असतं. उरलेला वेळ वाट बघण्यात जातो. मंत्री चेंबरमध्ये येण्याची वाट, सचिवांच्या दाराबाहेर वाट, आपलं नाव पुकारलं जाण्याची वाट. मी विरोधी पक्षाची, पहिल्या खेपेची, बसायला शेवटची रांग. माझ्या नशिबी हे वाट बघणं इतरांपेक्षा जरा जास्तच यायचं. घरच्यांना वाटे, बाई नागपुरात मजेत आहे. माझे पाय सुजलेले असायचे.

दसरू कोसमटोल्याचा. माझ्या मतदारसंघाच्या अगदी टोकाला, जंगलाला लागून असलेलं हे गाव. तिथे ग्रामीण रुग्णालयाची इमारत बांधून तीन वर्षं झाली होती. गुलाबी रंग, पुढे पोर्च, आत ‘प्रसूती कक्ष’ अशी पाटीसुद्धा. फक्त डॉक्टर नव्हता आणि नर्सही नव्हती, कारण सरकारने तिथली पदंच मंजूर केली नव्हती. दाराला कुलूप होतं आणि पोर्चमध्ये शेळ्या बसत. पोळ्याच्या सुमाराला दसरूची मोठी सून अडली. जीपमधून जिल्ह्याच्या गावी नेताना ती वाटेतच गेली, पोटातलं लेकरूही गेलं. आता धाकट्या सुनेचा सातवा महिना सरत आला होता.

दिवाळीनंतर गावात सभा झाली तेव्हा मी मोठ्या आवाजात सांगितलं होतं, “येत्या अधिवेशनात लक्षवेधी मांडते आणि मंत्र्याला उभं करून दवाखान्याचं उत्तर घेते. ज्याला ऐकायचं असेल त्याने नागपूरला या. पास मी देते.” लक्षवेधी म्हणजे एखादा निकडीचा विषय सभागृहात मांडायचा आणि मंत्र्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. सभेत आपण असं आवाहन करतो तेव्हा कोणी येणार नाही हे मनात धरलेलंच असतं. दसरू आला. पहाटेची एसटी धरून, एकटाच.

त्याला बसवून मी खाली सभागृहात माझ्या जागेवर गेले. शेजारी मोतीरामजी लांजेवार होते. आमच्याच पक्षाचे, सहा वेळा निवडून आलेले, दोन्ही गुडघ्यांनी जेरीस आलेले. पुढच्या निवडणुकीला उभं राहणार नाही असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. ज्येष्ठ म्हणून त्यांना पुढच्या रांगेत जागा होती, पण ते मागे येऊन बसत. मागून दार जवळ पडतं आणि दारापासून मुतारी, असं ते उघड सांगत. सभागृहातल्या खाचाखोचा मला त्यांनीच शिकवल्या होत्या.

“तुझी नववी, माझी अकरावी,” ते म्हणाले. “सगळ्यात शेवटची. म्हाताऱ्याला पंगतीत शेवटी बसवलं, बघ.”

त्यांची लक्षवेधी त्यांच्या गावच्या मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांनी बांधलेल्या, तलावावर होती. पाळ, म्हणजे मातीचा बांध, फुटली होती आणि तलावावरची शेती कोरडी पडली होती. हा विषय ते दर अधिवेशनात देत आणि दरवेळी मागे पडत असे. या खेपेला नंबर लागला होता.

अकराच्या सुमाराला मंत्र्यांची लेखी निवेदनं आमच्या हातात आली. मंत्री सभागृहात काय उत्तर देणार ते आदल्या तासाभरात सदस्याला असं छापील मिळतं. मी घाईघाईने माझं उघडलं. “कोसमटोला हे गाव लोकसंख्येच्या निकषात बसत नसल्याने पदनिर्मितीचा प्रस्ताव अमान्य करण्यात आला आहे. फेरविचाराचा प्रश्न उद्भवत नाही.”

मी दोनदा वाचलं. मग मोतीरामजींपुढे सरकवलं.

“इमारत बांधताना बसत होतं वाटतं निकषात?” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. पुढच्या बाकावरचे एकजण मागे वळून बघायला लागले.

“हळू. इमारत ठेकेदाराच्या निकषात बसत होती.” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “विमल, हे वाईट आहे. नुसतं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण ‘फेरविचाराचा प्रश्न उद्भवत नाही’ म्हणजे दार लावून वर खिळे ठोकले. अध्यक्षांनी तुझं नाव पुकारलं आणि मंत्री उभा राहिला, की हे सरकारचं सभागृहातलं उत्तर झालं. मग सरकार बदलो, मंत्री बदलो, फाइलवर सचिव एकच ओळ लिहिणार. ‘या विषयावर सभागृहात उत्तर झालेले आहे.’ माझ्या एका रस्त्याची ती ओळ खोडायला मला दोन निवडणुका लागल्या.”

“मी भांडीन.”

“भांड ना. मंत्री म्हणेल, सन्माननीय सदस्यांच्या भावना मी समजू शकतो. भावनाही रेकॉर्डवर जातील आणि नकारही जाईल.”

“मग मी जागेवरच थांबत नाही. नाव पुकारतील तेव्हा बाहेर जाते.”

“गैरहजर राहिलीस तर निवेदन पटलावर ठेवलं असं धरतात. एकूण एकच. वर तू पळालीस हे वेगळं.”

“आणि आज नाव पुकारलंच नाही तर?”

“तर तो नुसता कागद. त्यात भजी बांधून नेली तरी चालतात. तू मार्चमध्ये मुंबईला नवी सूचना द्यायला मोकळी. पण कशाला पुकारणार नाहीत? अध्यक्षांना आज सगळं उरकायचंच आहे.”

खरंच उरकत होते. दुपारी दोननंतर तर गाडी भरधाव सुटली. मूळ अध्यक्ष जेवायला गेले होते, त्यांच्या जागी तालिकेवरचे, म्हणजे बदली अध्यक्षांच्या यादीतले, एक सदस्य बसले होते आणि एकेक लक्षवेधी दहा मिनिटांत हातावेगळी करत होते. सभागृहात माणूस दिसत नव्हता. मुंबईकडचे विमानाला गेलेले, पश्चिम महाराष्ट्राचे सकाळीच गाड्या काढून निघालेले. सत्ताधारी बाकांवर चार-सहा जण विखुरलेले, त्यात दोघं चक्क झोपलेले. वर गॅलरीत दसरू मात्र सकाळी बसवला तसाच ताठ होता. झोपायचं नाही हे त्याला सांगितलं होतं ना.

“मोतीरामजी, किती जण असतील हो आत्ता सभागृहात?”

“मोजू नको,” ते ताबडतोब म्हणाले.

“का?”

“शेवटच्या दिवशी दुपारी कोणी मोजत नाही.”

नियम मला माहीत होता. सभागृह चालवायला एकूण सदस्यांच्या निदान दहावा हिस्सा हजर लागतो. त्याला गणपूर्ती म्हणतात. ती नसली तर काम थांबतं. पण कोणीतरी उठून ‘गणपूर्ती नाही’ म्हटल्याशिवाय ती आहे असंच धरून चालतात, आणि शेवटच्या दिवशी ते कोणीच म्हणत नाही. विरोधकही नाही.

“सगळ्यांचं काही ना काही अडकलेलं असतं,” मोतीरामजी सांगायला लागले. “एकाने डोकी मोजली की सगळ्यांचं बंद पडतं. म्हणून हा एवढा एक समजूतदारपणा इथे अजून शिल्लक आहे. माझ्यासमोर एकानेच तो मोडला. त्याच्याबरोबर पुढं दोन अधिवेशनं कोणी चहा प्यायलं नाही.” ते बोलता बोलता थांबले. माझ्या तोंडाकडे बघत राहिले. “अगं, माझी अकरावी आहे.”

“माहीत आहे मला.”

तलावाचं निवेदन त्यांच्या पुढ्यात होतं. त्यांचं उत्तर चांगलं आलं होतं, दुरुस्तीला मंजुरी देऊ असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. ते सकाळीच त्यांनी मला दाखवलं होतं, आणि दाखवताना त्यांना झालेला आनंदही मी पाहिला होता.

आठवी लक्षवेधी पीकविम्याची होती. ती चालली तेवढा वेळ मी बसून राहिले. एकीकडे हा म्हातारा, ज्याने मला बोलायला शिकवलं. दुसरीकडे कोसमटोल्याच्या दारावरचं कुलूप. एकदा ते निवेदन वाचलं गेलं की माझ्यानंतर येणाऱ्यालाही त्या दवाखान्यासाठी काही करता येणार नव्हतं.

तालिका अध्यक्षांनी पुढचा कागद उचलला तशी मी उभी राहिले.

“अध्यक्ष महोदय, औचित्याचा मुद्दा आहे.”

“सन्माननीय सदस्या, आता आपलीच लक्षवेधी आहे. पुकारतो ना.”

“पुकारण्याच्या आधीच बोलायचं आहे. सभागृहात गणपूर्ती नाही.”

क्षणभर त्यांचा ऐकलेल्यावर विश्वासच बसेना. “आपल्याच लक्षवेधीच्या वेळी?”

“हो, अध्यक्ष महोदय.”

समोरच्या बाकावरून कोणीतरी “अरे!” म्हणालं. झोपलेल्यांपैकी एक जागा झाला. सचिवांनी बसल्या जागेवरून डोकी मोजली, खुर्चीकडे बघून नकारार्थी मान हलवली आणि घंटा सुरू झाली.

ती घंटा सगळ्या इमारतीत वाजते. लॉबीत, कॅन्टीनमध्ये, मंत्र्यांच्या दालनांत, जिन्यांवर. वाजत असताना जे सदस्य आवारात असतील त्यांनी धावत यायचं असतं. सत्ताधारी पक्षाचे प्रतोद, म्हणजे आपली माणसं हजर ठेवण्याची ज्यांच्यावर जबाबदारी असते ते, धोतर सावरत बाहेर पळाले. मग एकेकजण यायला लागला. एकाच्या तोंडात वडा होता. एकाने गाडीत ठेवायला काढलेली बॅग तशीच काखेत धरली होती. एका मंत्र्याला अर्ध्या मीटिंगमधून उठवून आणलं होतं, तो सगळ्यांत जास्त माझ्याकडे रागाने बघत होता. आरोग्य राज्यमंत्री मात्र शांत बसले होते. झालं तर त्यांचं एक उत्तर द्यायचं वाचणार होतं, त्यांचं काय जात होतं?

मी मोजत होते. सचिवही मोजत होते. प्रतोद दारात उभे राहून एकेकाला आत ढकलत होते. शेवटी एक तरुण आमदार लॉबीतून धापा टाकत आला आणि प्रतोदांनी विजयी चेहऱ्याने खुर्चीकडे बघितलं. भरली होती संख्या. अगदी काठोकाठ, आम्हा दोघांना धरून.

मी हरले. मीच उठून बाहेर गेले असते तर संख्या एकाने कमी पडली असती, पण ज्याने मुद्दा काढला त्याने निकालापर्यंत जागा सोडायची नसते, असा संकेत आहे. मी निवेदन पुढ्यात घेतलं आणि मंत्र्याला काय काय विचारायचं ते मनात जुळवायला लागले.

शेजारी बाक करकरला. मोतीरामजी बाकाची कड धरून उठत होते.

“मोतीरामजी, कुठे निघालात? बसा, बसा!” प्रतोद तिकडून ओरडले. “मोजणी चालली आहे!”

“चालू द्या की. या वयात घंटा वाजली की आम्हाला जावं लागतं,” मोतीरामजी म्हणाले. दोन-चार जण हसले. ते एकेक गुडघा सरळ करत, कोणाकडे न बघता, दाराबाहेर पडले. तलावाचं निवेदन बाकावरच राहिलं.

घंटा थांबली. सचिवांनी पुन्हा मोजलं आणि पुन्हा मान हलवली.

कामकाज अर्धा तास थांबवण्यात आलं. अर्ध्या तासाने आधीपेक्षाही कमी माणसं जमली, कारण जे आले होते ते आपापल्या गाड्यांना निघून गेले होते. मग अध्यक्ष स्वतः आले, पुढचं अधिवेशन मार्चमध्ये मुंबईला होईल असं त्यांनी जाहीर केलं आणि सगळं संपलं. दहाव्या लक्षवेधीचे सदस्य माझ्या अंगावरून गेले ते मला ऐकू येईल असं काहीतरी पुटपुटत. ते इथे लिहीत नाही.

मोतीरामजी लॉबीतल्या सोफ्यावर बसले होते.

“तुमचा तलाव,” मी म्हटलं.

“तलाव कुठे पळून जातो? तसाही रिकामाच आहे.” त्यांनी मला शेजारी बसायची खूण केली. “मला तीस वर्षं लागली असती हे सुचायला. आपलीच लक्षवेधी आपणच पाडायची! सगळे म्हणतील बाईला अक्कल नाही. म्हणू दे. तुझा विषय जिवंत राहिला. आज तू आमदार झालीस, पोरी.”

मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? चार वर्षांत कोणी असं म्हटलं नव्हतं. निवडून आल्या दिवशी गुलाल पडला होता, पण तो गुलाल नवऱ्याच्या ओळखींचा आणि पक्षाच्या चिन्हाचा होता. आजचं माझं होतं. मी जिना उतरले तेव्हा पायांचं दुखणंही विसरले होते.

दसरू फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला होता. गाठोडं आणि चंची परत मिळाली होती, तो तंबाखू मळत होता. मला बघून त्याने तंबाखू तशीच मुठीत धरली आणि उभा राहिला.

“झालं का जी? का घंटा वाजून राह्यली होती? आमाले भाईर काढलं.”

“दसरूभाऊ, आज आपला प्रश्न वाचवला मी,” मी म्हटलं. माझ्या चेहऱ्यावर हसू होतं, ते मला आठवतं.

“वाचवला मंजे?”

मी त्याला सगळं नीट समजावून सांगितलं. कागदावर काय होतं, ते वाचलं गेलं असतं तर काय झालं असतं, गणपूर्ती काय असते, मोतीरामजी कसे उठून गेले. तो मान हलवत ऐकत होता. मधे एकदा “हं” म्हणाला.

“मंजे मंत्री नाई म्हननार होता,” माझं संपल्यावर तो म्हणाला.

“हो. पण मी म्हणू दिलं नाही ना.”

“पन होतं नाईच.”

“आज होतं. मार्चमध्ये मी पुन्हा मांडते. तोवर सचिवांना भेटते, आजूबाजूच्या गावांचे आकडे जमा करते, आणि...”

“मार्चात लेकरू मांडीवर राहीन, ताई.”

मी बोटांवर महिने मोजले.

“मले एक सांगा,” तो म्हणाला. “हिच्या बाळंतपनाआदी दवाखाना उघडते का नाई उघडत?”

“त्याचं कसं आहे दसरूभाऊ, पाठपुरावा तर आपण करतोच आहोत. वरच्या पातळीवर जर...”

तो ऐकत राहिला. मध्ये तोडलं नाही, कुरकुर केली नाही. मी बोलत होते आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता, बस. माझं वाक्य कुठे संपवायचं ते मलाच कळेना.

“उघडते का नाई?” त्याने पुन्हा विचारलं. आवाजात राग नव्हता.

“नाही,” मी म्हटलं.

“पक्कं?”

“पक्कं. नाही उघडत.”

त्याने मोठा श्वास सोडला आणि पुन्हा खाली बसला. तंबाखू तोंडात टाकली. मीही त्याच्याशेजारी फूटपाथवर बसले. समोरून आमदारांच्या गाड्या दिवे लावून निघाल्या होत्या.

“मोठीच्या वक्ती मी सरपंचाले पुसलं,” तो सांगायला लागला. “तो म्हने, पोळ्याआदी दवाखाना सुरू होते. तालुक्याच्या डाक्टरले पुसलं, तो म्हने, कागद वर गेला हाये, होते. तुमच्या मानसाले पुसलं, तो म्हने, ताई लागल्या हायेत, होऊनच जाते. माही साळी ब्रह्मपुरीले राहते, दवाखान्याच्या बाजूले. मोठीले मी तिच्याकडे नेऊन ठेवनार होतो, दोन महिनेआदी. गाडी बी सांगतली होती. मंग साऱ्याइनं होते होते म्हनलं, तं बायको म्हने, दारात दवाखाना होऊन राह्यला, कायले नेता? नाई नेलं.”

मी हातातला कागद घडी घालून पर्समध्ये टाकला.

“एकानं नाई म्हनलं असतं तं नेलं असतं,” दसरू म्हणाला.

“मग आज इतक्या लांब तुम्ही...”

“मले वाटलं मंत्री मोठा मानूस. त्याले माह्या मताची काय गरज? तो खरं सांगन. हो तं हो, नाई तं नाई. नाई म्हनलं का हिले लगेच हलवाव, असं ठरवून निघालो होतो.”

पहाटेपासून जे एक ‘नाही’ ऐकायला तो आला होता, ते सभागृहात येऊन पोचलं होतं. आणि ते मी सगळी हुशारी पणाला लावून अडवलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दसरूने ते पाहिलं असावं, कारण त्याने गाठोड्यातली एक भाकरी काढून माझ्यापुढे धरली.

“खाऊन घ्या. तुमी बी सकाळपासून उपाशीच दिसता.”

आम्ही दोघांनी ती भाकरी मिरचीच्या ठेच्याबरोबर खाल्ली. मग तो म्हणाला, “आता ब्रह्मपुरीची गाडी कोठी लागते?” मी त्याला माझ्या गाडीतून स्टँडवर सोडलं. साळीला सांगून घरी जायचं आणि लगेच सुनेला घेऊन यायचं, असा त्याचा बेत होता. गाडी सुटेपर्यंत मी थांबले. खिडकीतून त्याने हात जोडले आणि म्हणाला, “बरं झालं ताई, आलो मी.”

दवाखान्याचं पुढे काय झालं तेही सांगून टाकते. मार्चमध्ये माझी सूचना लागली नाही. जुलैत लागली आणि उत्तर आलं, “बाब विचाराधीन आहे.” सभागृहाच्या भाषेत हा माझा विजय होता, मोतीरामजींनी पेढे मागवले. त्यांच्या तलावाचा नंबर पुन्हा लागला नाही. मग निवडणूक झाली, मी पडले, आणि दवाखाना उघडला तो त्यानंतर दोन वर्षांनी. पाटीवर माझ्या जागी आलेल्या आमदारांचं नाव आहे. विषय त्या दिवशी मेला नाही म्हणून तो उघडला, हे खरंच आहे. पण आता हे आठवणारे मी आणि कागद दोघेच.

दसरू मला या सगळ्याच्या आधी, त्या अधिवेशनानंतरच्या शिमग्याच्या बाजारात भेटला. मी आमच्या तालुकाध्यक्षांबरोबर फिरत होते. निवडणूक सहा-सात महिन्यांवर होती, दिसेल त्याला नमस्कार चालला होता. दसरू कांद्याच्या ढिगापुढे बसला होता.

“सून कशी आहे?” मी विचारलं.

“ब्रह्मपुरीले कापून काढा लागलं,” तो म्हणाला. “रातभर डाक्टर उभे होते. रगत देल्लं. पोरगी हाये.”

“आणि सून?”

“दोघी हायेत.”

मी तिथेच थांबले. तालुकाध्यक्ष पुढच्या दुकानाकडे निघाले होते, ते मागे फिरले.

“ताई,” दसरू म्हणाला, “नदीवरच्या पुलाचं कसं हाये? पुढच्या पावसाच्या आत होते?”

आजूबाजूला पाच-सहा गावकरी उभे होते, त्यांनी कान टवकारले. तालुकाध्यक्ष माझ्या आधी बोलले, “होणार म्हणजे काय! ताईंनी प्रस्ताव...”

“नाही,” मी म्हटलं. “पुढच्या पावसाच्या आत नाही होणार. त्याच्या पुढच्याही नाही.”

तालुकाध्यक्षांनी कपाळाला हात लावला. गावकऱ्यांतले दोघं एकमेकांकडे बघून पुढे सरकले. दसरूने मान हलवली.

“बरं,” तो म्हणाला, आणि कांदे निवडायला लागला.